बोलाचालीचा डाव

भूमिकाखेळात तलवार कशी चालवावी याचे नियम एका संध्याकाळी शिकून होतात. पण त्याच खेळात एखाद्या पटवाऱ्याकडून जमिनीच्या कागदाची नक्कल मिळवावयाची आहे, किंवा रुसून गेलेल्या व्याह्याला मांडवात परत आणावयाचे आहे, असा साधा प्रसंग उभा करण्याची वेळ आली, की वर्षानुवर्षे खेळलेले सूत्रधारही चाचपडू लागतात, आणि बहुधा त्या पटवाऱ्याच्या तोंडी एक लांबलचक भाषण घालून, नाहीतर त्याच्या पाठीशी दोन लाठीवाले उभे करून मोकळे होतात. मागील प्रकरणांत नकाशा, फासे आणि पात्राचा कागद यांचा परिचय झाला आहे. चार-पाच जणांनी टेबलाभोवती किंवा सतरंजीवर बसावे, एकाने सूत्रधार होऊन जगाचे वर्णन करावे व वाटेत भेटणाऱ्या यच्चयावत माणसांच्या वतीने बोलावे, इतरांनी एकेक पात्र सांभाळावे, आणि एखाद्या कृतीचा परिणाम संशयास्पद असेल तेथे फाशांचा कौल घ्यावा, एवढे वाचकास ठाऊक आहे असे मी धरून चालतो. या प्रकरणाचा विषय नकाशा जेथे निरुपयोगी ठरतो तो भाग, म्हणजे माणसाने माणसाशी बोलून काम साधण्याचा प्रसंग, हा आहे.

उदाहरणे मी निलंगा आणि त्याच्या आसपासच्या मुलखातील घेणार आहे. निजामी अमलात बीदर जिल्ह्यात असलेला हा तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उस्मानाबाद जिल्ह्यात आला, आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा निराळा झाला तेव्हा लातुरात गेला. गाव जागेवर राहिले आणि कचेऱ्या तेवढ्या बदलल्या. निजामी काळात मराठी, कानडी आणि दखनी या तीन बोलींत एकाच दिवशी व्यवहार करावा लागे, सरकारदरबारची भाषा चौथीच असे, आणि नाणीही दोन प्रकारची चालत, अशा मुलखात बोलण्याची कला अंगी बाणवल्यावाचून कोणाचे चाललेले नाही. संवादाचे प्रसंग रचावयास शिकणाऱ्याला याहून चांगली पाठशाळा सापडणे कठीण.

या खेळाचा जन्म युद्धाच्या घरात झाला, ही गोष्ट त्याच्या गुणदोषांचा विचार करताना विसरता येत नाही. प्रशियाच्या सैन्यात १८२४ च्या सुमारास राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ प्रचारात आणला, त्यात निवाडा करणारा पंच होता, आणि हा पंचच आजच्या सूत्रधाराचा पूर्वज होय. पुढे १९६९ साली अमेरिकेत, मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत, डेव्हिड वेस्ली याने नेपोलियनच्या काळातील एक डाव मांडताना सैन्ये पोचण्यापूर्वीचे ब्राऊनस्टाइन नावाचे कल्पित जर्मन गाव घेतले, आणि खेळाडूंना पलटणी न देता नगराध्यक्ष, पेढीवाला, विद्यापीठाचा कुलगुरू अशा भूमिका व प्रत्येकाला त्याचा त्याचा स्वार्थ वाटून दिला. परिणाम असा झाला, की लढाई बाजूस राहिली आणि खेळाडू कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन आपसांत कुजबुजू, कटकारस्थाने करू लागले. डाव पार फसला असे वेस्लीला वाटले. खेळाडूंना मात्र तो पुन्हा हवा होता. त्याच मालिकेतील पुढच्या एका डावात, दक्षिण अमेरिकेतील एका कल्पित देशात, डेव्ह आर्नेसन हा खेळाडू हेरखात्याचे खोटे ओळखपत्र घरून तयार करून घेऊन आला, आणि केवळ थापांच्या बळावर सगळ्यांवर मात करून गेला, असे त्या वर्तुळातील मंडळी सांगत आली आहेत. याच आर्नेसनने गॅरी गायगॅक्स याच्या सहकार्याने १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. पहिली आवृत्ती तीन पुस्तिकांची आणि एक हजार प्रतींची होती.

त्या पुस्तिकांत बोलाचालीसाठी नियम म्हणावा असे फार थोडे आहे, पण जे आहे ते मोठे मार्मिक आहे. वाटेत भेटलेल्या प्राण्याला काही देऊ केले, तर त्याची प्रतिक्रिया दोन फाशांच्या बेरजेवरून ठरवावी: दोन पडले तर तो अंगावर येईल, तीन ते पाच पडले तर वैरभाव दाखवील, सहा ते आठ पडले तर त्याचे मन द्विधा राहील, नऊ ते अकरा पडले तर देऊ केलेले स्वीकारील, आणि बारा पडले तर आनंदाने आपला होईल. दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांपैकी सोळा, म्हणजे जवळजवळ निम्म्या, या मधल्या द्विधा अवस्थेत पडतात. अंगावर येणे आणि आनंदाने आपला होणे यांच्या वाट्याला एकेकच शक्यता येते. अनोळखी माणूस बहुतेक वेळा ना शत्रू असतो ना मित्र, तो अजून ठरवीत असतो, हे व्यवहारज्ञान त्या कोष्टकात कोणताही गाजावाजा न करता बसविलेले आहे. पुढच्या काळात नियम वाढले, पण शहाणपण त्या प्रमाणात वाढले असे म्हणवत नाही. २००० साली आलेल्या आवृत्तीत मुत्सद्देगिरी हे मोजता येणारे कौशल्य ठरले, आणि वीस बाजूंच्या फाशावर पुरेसा मोठा आकडा आणू शकणारे पात्र हाडवैऱ्यालाही एका मिनिटाच्या बोलण्यात मित्र करू लागले. ज्याने भाऊबंदकीतला बांधाचा तंटा एकदा तरी जवळून पाहिला आहे, त्याला या एका मिनिटाचे हसू आल्याशिवाय राहणार नाही.

तेव्हा दोन टोकांचे दोष आहेत. एका टोकाला सूत्रधार सगळे संभाषण मनातल्या मनात आधीच लिहून येतो, आणि खेळाडूंनी नेमका तोच शब्द उच्चारीपर्यंत दार उघडत नाही. दुसऱ्या टोकाला तो संभाषणच वगळतो आणि फासा टाकावयास सांगतो. आपल्याकडच्या रंगभूमीने, विशेषतः जी रंगभूमी छापील संहितेवाचून चालत आली तिने, हा प्रश्न फार पूर्वीच सोडविलेला आहे. कोकणातील दशावतारात मंडळीचा नाईक खेळ उभा राहण्यापूर्वी आख्यानाचा आराखडा सांगतो, कोणाचे प्रवेश कोणाबरोबर आहेत एवढे ठरते, आणि संवाद ज्याने त्याने रंगमंचावर उत्स्फूर्त बोलावयाचे असतात. तमाशातील जुने वगही असेच तोंडी बांधणीचे असत. वसंत सबनिसांचे 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ साली रंगभूमीवर आले ते लिखित होते खरे, पण दादा कोंडके त्यात रोजच्या वर्तमानपत्रातील गोष्टी घालून प्रयोगागणिक नवे बोलत, हे सर्वश्रुत आहे. आणि मराठवाड्यात ज्याला रायरंद म्हणतात तो बहुरूपी फौजदाराचा पोशाख चढवून दारात उभा राहिला, खोटे वॉरंट काढून यजमानाला दरडावू लागला, आणि यजमानही ते खोटे आहे हे जाणून गयावया करू लागला, की दोघांमध्ये न लिहिलेला भूमिकाखेळच सुरू झालेला असतो.

या सर्वांत अभ्यासास योग्य असा नमुना म्हणजे तमाशातील गौळण. गण झाला की गौळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, बरोबर मावशी असते, आणि वाटेत कृष्ण व पेंद्या त्यांना अडवून दाण मागतात. कथानक एवढेच, आणि शेवट लहान पोरालाही ठाऊक. तरीही पिढ्यानुपिढ्या लोक ते जागून पाहतात, याचे कारण रचनेत आहे. गौळणींना बाजार गाठावयाचा आहे, आणि दूध-दही कोणासाठी थांबत नाही, म्हणून वेळेचा तगादा आहे. वाट एकच आहे, म्हणून वळसा घालून जाता येत नाही. अडविणाऱ्या दोघांना एकच गोष्ट हवी आहे असे वरवर दिसते, पण पेंद्याचे लक्ष लोण्याच्या मडक्यावर आहे आणि कृष्णाला मुळी दाणाशी कर्तव्यच नाही, त्याला या बायकांनी थांबावयास हवे आहे. मावशीला रस्ता मोकळा होण्यापेक्षा आपला मान राहण्याची काळजी अधिक. शिवाय हाणामारीचा मार्ग दोन्ही पक्षांना बंद आहे. सगळे भांडण ज्या प्रश्नावर फिरते तो प्रश्न दाण किती हा नाही. दाण मागणारा तू कोण, तुला हा अधिकार दिला कोणी, हा आहे. अधिकाराविषयी संशय असला की बोलण्याला तोंड फुटते, आणि एकदा ते फुटले की त्यात गावचा सरपंच, यंदाचा पाऊस, पुढारी, काय वाटेल ते येऊ शकते. कृष्णाच्या जागी निजामी हद्दीवरील करोडगिरी नाक्याचा जमादार बसवावा, गौळणींच्या जागी लातुराहून बार्शीकडे माल घेऊन निघालेले गाडीवान बसवावेत, आणि नाक्याची वेळ संपली असताही तो महसूल मागत आहे असे ठरवावे. नव्या प्रसंगाचा सांगाडा अर्ध्या तासात उभा राहतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की सूत्रधाराने संवाद रचू नयेत, संवादाच्या अटी रचाव्यात. समोरच्या माणसाला काय हवे आहे, तो काय बोलून दाखविणार नाही, कोणती गोष्ट काही केल्या सोडणार नाही, आणि सौदा मोडला तर तो पुढे काय करील, एवढ्या चार गोष्टी कागदावर असल्या की शब्द तोंडाला आपोआप येतात. या चारांखेरीज आणखी एक गोष्ट परदेशी पुस्तकांत क्वचितच आढळते, पण आपल्या मुलखात तीवाचून कोणतेही बोलणे सुरूच होत नाही. ती म्हणजे ओळख निघणे.

निलंग्याच्या बाजूच्या कोणत्याही खेड्यात नवखा माणूस पारावर टेकला, की पाण्याचा तांब्या पुढे येतो, आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "कोण्या गावचं पाव्हणं?" गाव सांगितले की घराणे विचारले जाते, घराणे सांगितले की मामाचे गाव, मग सासुरवाडी, आणि तीन-चार प्रश्नांच्या आत कुठेतरी धागा सापडतोच, तो सापडेपर्यंत कामाची गोष्ट काढणे असभ्यपणाचे समजतात. हा शिष्टाचार खेळात आणण्याची तजवीज फार सोपी आहे. प्रत्येक खेळाडूने आपल्या पात्राच्या कागदावर आजोळचे गाव, सासुरवाडी किंवा बहिणीचे सासर, दरवर्षी जाण्याची एखादी यात्रा (लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा घेतली तर जनावरांचा बाजार आणि तमाशाचे फड हे दोन्ही विषय आयते मिळतात), आणि ज्याचे देणे लागतो असा एक माणूस, अशी चार नावे लिहून ठेवावीत. सूत्रधाराने आपल्या पात्रांसाठीही तेच करावे. बोलता बोलता दोन कागदांवरचे एखादे नाव जुळले, तर प्रतिक्रियेच्या फाशाला दोनाची भर द्यावी. पण एवढ्यावर थांबले तर नियम एकांगी होईल, कारण नाते जसे दार उघडते तसेच हातही बांधते: व्याह्याच्या भावाशी घासाघीस करता येत नाही, मेहुण्याच्या पाहुण्याला उपाशी परत पाठविता येत नाही, आणि ज्याच्या घरी जेवलो त्याच्याविरुद्ध साक्ष देणे तर फारच जड जाते. म्हणून ओळख काढणाऱ्याने सवलत घेतली की एक बंधनही पत्करले पाहिजे, असा दंडक ठेवावा. मग खेळाडू ओळख काढावी की लपवावी याचाच विचार करू लागतात, आणि तो विचार करणे हाच निम्मा खेळ असतो.

आता एक प्रसंग संपूर्ण मांडून दाखवितो. काळ फसली १३४५, म्हणजे इसवी १९३५-३६ चा; स्थळ उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार. खेळाडूंची पात्रे तीन: निलंग्याकडचा एक शेतकरी, त्याचा मेहुणा, आणि मदरशात चार यत्ता उर्दू शिकलेला भाचा. त्यांच्याजवळ देवणी बैलांची एक जोडी आहे. देवणीत वानेरा, बालंक्या आणि शेवेरा असे रंगावरून प्रकार करतात; ही जोडी वानेरा, म्हणजे अंग पांढरेशुभ्र आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. सावकाराची मुदत उद्या संपत आहे आणि त्यासाठी त्यांना एकशे चाळीस रुपये हाली शिक्क्याचे, म्हणजे निजामी नाण्याचे, हवेत. उजवीकडच्या बैलाला एक खोड आहे, पाण्याचा ओहळ लागला की तो अडून बसतो. ही गोष्ट तिघांनाच ठाऊक. समोर सूत्रधाराची दोन माणसे आहेत. एक बार्शीकडचा, म्हणजे इंग्रजी मुलखातला हेडी (जनावरांचा व्यापारी). त्याला संध्याकाळच्या आत अशीच जोडी हवी, कारण एका बागाईतदाराने ती सांगून ठेवली आहे. हे तो मरेपर्यंत बोलणार नाही. दात स्वतः पाहिल्याशिवाय तो पैसे मोजणार नाही. आणि सौदा मोडला तर शेजारच्या दावणीकडे वळल्याचे सोंग करील, पण बाजार सोडून जाणार नाही. दुसरा दलाल. त्याला दोन्हीकडून दलाली मिळावयाची असल्याने भाव कितीही ठरो, ठरणे महत्त्वाचे. किमती मी खेळापुरत्या धरल्या आहेत.

जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरणे किंवा धोतराचा सोगा हातांवर पसरतात आणि त्याखाली बोटे धरून आकडा सांगतात. एक बोट धरले तर एक, सगळा पंजा धरला तर पाच, आणि ते दहा समजावयाचे की शंभर हे चालू भावावरून दोघांनीही जाणावयाचे. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. हीच पद्धत टेबलावर आणावी: सूत्रधाराने आणि शेतकऱ्याची भूमिका करणाऱ्याने खरोखरच एक रुमाल हातांवर घ्यावा, इतर दोघांनी फक्त चेहरे पाहावेत. माझा अनुभव असा आहे, की रुमाल पसरताक्षणी बसलेली मंडळी आवाज खाली आणतात आणि थट्टा आपोआप थांबते. हेड्याने एकशे वीस सांगितले असे समजू. खेळाडूला हवे आहेत एकशे चाळीस. तो मान हलवितो, हात काढून घेतो, आणि सौदा मोडण्याच्या वाटेवर येतो. वास्तविक हेडी इंग्रजी मुलखातला असल्याने तो कलदार रुपयांत बोलत आहे, आणि सहा कलदारांना सात हाली हा त्या काळचा हिशेब धरला तर एकशे वीस कलदार म्हणजे बरोबर एकशे चाळीस हाली होतात. जो भाव हवा होता तोच पदरात पडत असताना माणूस नाकारीत आहे. शिक्का कोणता, एवढे विचारण्याचे सुचले तर डाव तेथेच साधतो. न सुचले तर दलालाने अस्वस्थ होऊन भाच्याच्या कानाशी लागावे, कारण सौदा मोडलेला त्याला परवडत नाही. सूत्रधाराने आपण होऊन खुलासा मात्र करू नये.

या सगळ्यात फासा कोठेच पडला नाही, हे वाचकाच्या ध्यानात आले असेल. तो एकाच ठिकाणी पडावा: हेड्याने जोडी ओढ्यापर्यंत चालवून दाखवा म्हटले तर. बैल बसेल की न बसेल हे बोलण्याच्या स्वाधीन नाही, ते बैलाच्या स्वाधीन आहे, आणि जे कोणाच्याच स्वाधीन नाही त्यासाठीच फासे असतात. खोड आधीच सांगून टाकावी की नशिबावर हवाला ठेवावा, यावर तिघा खेळाडूंत वाद माजला, तर सूत्रधाराने गप्प बसून ऐकावे आणि हेड्याला तेवढ्यापुरते चहाला पाठवून द्यावे.

बाजारातला प्रसंग एका दावणीवर संपतो. कचेरीतला प्रसंग मात्र दारामागून दार असा चालतो. निजामी काळची निलंग्याची तहसील कचेरी घ्या. बाहेर लिंबाखाली अर्जनवीस बसलेला, पायरीवर शिपाई, आत पेशकार, त्याच्याही आत तहसीलदार, आणि सर्वांच्या वर, दूर बीदरला, अव्वल तालुकदार. दफ्तर उर्दूत. खेळाडूंना एका जुन्या दस्ताची नक्कल हवी आहे. नवशिका सूत्रधार येथे पेशकाराला लाचखाऊ करतो, खेळाडू थैली काढतात, आणि प्रसंग संपतो. असा पेशकार झाला नसेल असे नाही, पण रचना म्हणून तो अगदीच दरिद्री आहे. त्याऐवजी असे ठरवावे, की अव्वल तालुकदारांचा दौरा चार दिवसांवर आला आहे, दफ्तरातले नेमके तेच पान गहाळ आहे, आणि आपल्या नोकरीच्या भीतीने पेशकार ते कबूल करू शकत नाही. आता त्याच्या प्रत्येक नकाराला आतून आधार मिळतो. पहिल्या दिवशी तो म्हणतो, अर्ज मराठीत आहे, उर्दूत करून आणा. त्यायोगे खेळाडू अर्जनवीसाकडे जातात, आणि अर्जनवीस हा त्या कचेरीचा चालता इतिहास असतो. दुसऱ्या दिवशी म्हणतो, स्टांप कमी आहे. तिसऱ्या दिवशी, साहेब मुक्कामावर आहेत. नकार मिळाला तरी खेळाडूंच्या पदरात काहीतरी नवे पडले पाहिजे, कोणाचे तरी नाव, कपाटाकडे गेलेली नजर, शिपायाने टाकलेला सुस्कारा; रिकाम्या हाताने परत पाठविणारा नकार प्रत्यक्षात आपण सर्वांनी सोसलेला आहे, खेळात तो कशाला आणावा? आणि पेशकाराची भीती ज्या क्षणी खेळाडूंना उमगते, त्या क्षणी डाव उलटतो, कारण आता तो धमकावण्याजोगाही आहे आणि मदत करण्याजोगाही. यांपैकी कोणता मार्ग घ्यावा हे मात्र सर्वस्वी त्यांच्यावर सोडावे.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या आवृत्तीत सूत्रधारासाठी जे पुस्तक निघाले, त्यात समोरच्या पात्राची वृत्ती स्नेहाची, तटस्थ किंवा वैराची अशी तीन प्रकारांत बसविली आहे. सोय म्हणून हे ठीक आहे, पण आपल्या माणसांना हे तीन खण पुरत नाहीत. ज्याच्याशी दिवाणीत दावा चालू आहे तोही दारात आला तर चहा ठेवतात, चहा पाजून नाही म्हणतात, आणि नाही म्हटल्यावर फाटकापर्यंत पोचवावयास जातात. उलट सख्खा भाऊ मनातून कळवळत असूनही चारचौघांत एक शब्द नीट बोलत नाही. म्हणून मी वृत्ती दोन ओळींत लिहितो: लोकांदेखत कशी, आणि एकांतात कशी. पारावर वैर आणि परसात स्नेह असलेला माणूस खेळाडूंना भेटला, की त्याला एकटे कसे गाठावे हाच प्रसंग होऊन बसतो.

सोयरिकीच्या बैठकीविषयी स्वतंत्र प्रकरण लिहिता येईल, येथे एवढेच सांगतो, की जिथे खेळाडू पाच आणि बोलका एकच असतो तिथे बैठक कामाला येते. तीत बोलणारा आणि ठरविणारा हे एकच नसतात. तावातावाने बोलतो तो मामा, मान डोलावतो तो चुलता, आणि निर्णय आत माजघरात झालेला असतो. एकेका खेळाडूला एकेक जागा नेमून दिली की मुखदुर्बळालाही काम मिळते. शिवाय ज्याला स्वतःला चुरचुरीत बोलता येत नाही त्याने वाक्पटू दिवाणाची भूमिका घेऊच नये, असा अलिखित जुलूम बऱ्याच मंडळांत चालतो, तो बंद झाला पाहिजे. "माझा दिवाण सरदाराच्या वडिलांची स्तुती करून मग विषयाला हात घालतो" एवढे तिऱ्हाईतपणे सांगितले तरी पुरे समजावे, आणि मुद्दा योग्य असेल तर तो मान्य करावा. मल्लाची भूमिका करणाऱ्याला आपण टेबल उचलून दाखवावयास सांगत नाही.

एका गोष्टीची सूचना मात्र गांभीर्याने करावयाची आहे. निजामी मराठवाड्यातील कोणताही खरा प्रसंग घेतला, की कचेरीच्या ओट्यावर कोणी चढावे आणि कोणी खाली उभे राहावे, पाण्याचा तांब्या कोणाच्या हाती द्यावा आणि कोणाच्या ओंजळीत वरून ओतावे, हे जातीवर ठरत होते, आणि १९४८ च्या सप्टेंबरातील पोलीस कारवाईपूर्वीची व नंतरची वर्षे तर अनेक घरांच्या आठवणीत अजून ओली आहेत. हे सगळे पुसून टाकून गोड गोड भूतकाळ रंगविणे हा खोटेपणा, आणि बसलेल्यांना न विचारता ते करमणुकीसाठी वापरणे हा क्रूरपणा. यातले काय घ्यावे आणि काय बाहेर ठेवावे, हे खेळ सुरू होण्यापूर्वी सर्वांनी मिळून ठरवावे, आणि मध्येच कोणी हात वर केला तर कारण न विचारता प्रसंग बदलावा.

पहिल्याच बैठकीला राजदरबार किंवा तहाची बोलणी मांडू नयेत. बैलांच्या बाजारापासून आरंभ करावा. साहित्य फारसे लागत नाही: दोन फासे, चार कागद, एक मोठा रुमाल, आणि निलंग्यात असाल तर मधल्या सुटीसाठी तिथला प्रसिद्ध निलंगा राइस. घरात जनावरांचे बाजार केलेले कोणी वडीलधारे असतील तर हेड्याची भूमिका त्यांनाच द्यावी, आणि त्यांनी भाव पाडलाच तर तक्रार घेऊन सूत्रधाराकडे येऊ नये.